सरकलेलं गोंदण

"ह्यो कुठं चालला?" म्हणत शिवकांताबाईंनी हातातला आरसा आणखी जवळ घेतला.

मी त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवून कातडी कानांकडे वर ओढून धरली होती. फेसलिफ्टनंतर चेहरा साधारण कसा दिसेल, हे पेशंटला दाखवायची आमची ही जुनी पद्धत. कॉम्प्युटर नको, काही नको. बहुतेक जण आरशात बघून खूश होतात. या बाई मात्र चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांच्या डाव्या गालावर गोंदणाचा एक हिरवा ठिपका होता आणि तो माझ्या बोटांबरोबर वर सरकला होता.

"कातडी सरकली की तोही सरकणार," मी म्हणाले. "नको असेल तर लेझरनं काढून टाकू. तेवढं मी असंच करून देते."

बाईंनी आरसा टेबलावर पालथा ठेवला.

"सोनंनाणं हितंच ऱ्हातं मॅडम. मेल्यावर संगं येतं ते गोंदण. अन् तुम्ही ते पुसून देते म्हणून राहिलात?"

माझी जीभ कधीकधी कात्रीच्या आधी चालते. मी सॉरी म्हटलं, पण बाई पिशवी उचलून गेल्या होत्या.

मी नांदेडची प्लास्टिक सर्जन. आमच्या भागात प्लास्टिक सर्जन म्हणजे मळणी यंत्रात गेलेला हात नाहीतर भाजलेला पेशंट. दर मंगळवारी लातूरच्या एका कॉस्मेटिक सेंटरला जाते. तिथंही डाग, व्रण आणि केस हेच जास्त. फेसलिफ्ट वर्षाकाठी एखादंच.

शिवकांताबाई अहमदपूरच्या. वय सत्तावन्न. साड्यांचं दुकान आहे, तीस वर्षं गादीवर त्या स्वतः बसतात. शुगर वाढली तेव्हा फिजिशियननं दम भरला. बाई जिद्दीच्या. रोज पहाटे चालल्या, ताटातली भाकरी निम्मी केली, दीड वर्षात निम्म्या झाल्या. शुगर उतरली. पण तिच्याबरोबर तोंडही उतरलं. भरलेल्या गालांवरची कातडी मागं राहिली आणि जबड्याखाली झोळीसारखी लोंबायला लागली.

"गिऱ्हाईक साडी बघायच्या आधी मला बघतंय," त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी सांगितलं होतं. "'बाई, तोंड का उतरलं? काय झालं?' मी सांगते वजन कमी केलंय, तर कुणाला खरं वाटत न्हाई. हिला मोठा आजार हाय म्हणून बाजारात बोलून राहिलेत. आता पोरगा म्हणतो, आई, घरी बस, आराम कर. अहो, मी ठणठणीत हाय! मला काम झेपत न्हाई म्हणून उठवलं असतं तर गोष्ट येगळी. ह्या तोंडापायी मला गादीवरून उठवून राहिलेत."

हे सांगताना त्यांचा आवाज फाटला होता. साडी विकणारी बाई सहजी आवाज फाटू देत नाही.

संध्याकाळी सेंटरच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. तेही डॉक्टरच, पण धंद्याचं डोकं पक्कं.

"मॅडम, अहमदपूरची पार्टी गोंदणापायी हातची घालवलीत म्हणे."

"घालवली खरी."

"सर्जरी कशाला सांगितली? थ्रेड्स टाका. कापाकापी नाही, भूल नाही. तासाभरात बाई घरी."

थ्रेड्स म्हणजे विरघळणारे दोरे. त्यांना बारीक काटे असतात. सुईनं कातडीखाली सरकवायचे आणि खेचायचे. काटे आत अडकतात, गाल उचलला जातो. तेवढी जागा बधिर केली की भागतं. चार-सहा दिवसांत माणूस कामावर. पी हळद आणि हो गोरी! पण वर्षभरात, फार तर दीड वर्षात, दोरे विरघळतात आणि गाल मूळ पदावर येतात. चेहरा नुकताच सैलावायला लागला असेल तर दोरे ठीक. मी स्वतः टाकते.

"सर, एवढ्या लोंबत्या कातडीला दोरे म्हणजे ओली सतरंजी टाचणीला टांगण्यासारखं आहे."

"पण गोंदण हलणार नाही ना?"

"हलेल. वर्षभरात परत खाली येईल."

"मग झालं तर! पेशंटला तेच हवंय."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. बाई पुढच्या मंगळवारी दोरे टाकून घ्यायला तयार झाल्या.

त्या मंगळवारी बाई खुर्चीत बसल्या. माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. मी पुन्हा एकदा सगळं समजावलं. ऑपरेशनमध्ये कानाच्या पुढून, पाळीखालून मागं केसांपर्यंत चीर घेतात. कातडीखाली एक पातळ, चिवट थर असतो. आधी तो घट्ट करायचा, मग वरची जास्तीची कातडी कापायची. सूज दोन-तीन आठवडे, कानाजवळ बधिरपणा काही महिने. पण केलेलं काम बरीच वर्षं टिकतं.

"म्हंजे अस्तर घट्ट करायचं अन् मग वरचं कापड," बाई म्हणाल्या.

"अगदी तेच. दोऱ्यांनी नुसतं वरचं कापड खेचलं जाईल."

"कळतंय मला. पर गोंदण तिथंच ऱ्हायला पायजे. माझ्या आईनं मला मांडीवर धरून गोंदवून घेतलंय ते. अक्काचं अन् माझं एकाच दिवशी, एकाच जागी."

मी केसपेपर पुढं ओढला आणि एका रिकाम्या चौकटीवर नजर गेली: जुना फोटो. चेहऱ्याच्या कुठल्याही ऑपरेशनआधी तरुणपणीचा फोटो मागायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी मागितलाच नव्हता. लोकांना शहाणपण सांगणारी मी, दिव्याखाली अंधार!

"लग्नातला फोटो आहे का तुमचा?"

"अक्काकडं हाय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, उदगीरला असते. फोन झाला. अर्ध्या तासानं बाईंच्या मोबाइलवर फोटो आला. हळदीच्या पिवळ्या साडीत दोघी बहिणी खेटून उभ्या. मी फोटो मोठा केला. दोघींचा ठिपका गालाच्या उंचवट्यावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली. मी फोटो आणि आरसा बाईंसमोर शेजारी शेजारी धरले. आता त्यांचा ठिपका चांगला दीड बोट खाली होता.

बाई फोटोतल्या गालाकडून आरशातल्या गालाकडे बघत राहिल्या.

"अगं बाई! म्हंजे हा आधीच खाली आला व्हय?"

"तोंड उतरलं, त्याच्याबरोबर तोही उतरला."

"अन् मी त्याला हितंच धरून बसले होते!" त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले. "मॅडम, माझ्या आईनं बसवला होता तिथं नेऊन ठेवा त्याला."

"तंतोतंत तिथं येईल असं नाही. थोडा कानाकडे जाईल."

"जाऊ द्या. आईचा हात बी थोडा हललाच असंल."

मालकांना मी बाहेर येऊन सांगितलं, दोऱ्यांचं पाकीट फोडू नका. त्यांचा चेहरा पडला. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

शुगर तपासून, भूलतज्ज्ञांशी बोलून महिन्याभरानं नांदेडला ऑपरेशन केलं. साडेचार तास लागले. डाव्या कानामागं थोडं रक्त साकळलं, ते दुसऱ्या दिवशी काढावं लागलं. बाकी सगळं नीट. ठिपका उंचवट्यावर आला, पण नखभर कानाकडे.

तीन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. सोबत अक्का होत्या. अक्कांनी आधी बहिणीच्या गालाला हात लावला, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे बघितलं.

"शिवे, तुझं गोंदण तर जाग्यावर हाय. माझंच कुठं गेलं गं खाली?"

मी शिवकांताबाईंना विचारलं, "मुलगा काय म्हणतो?"

"काय म्हणतंय! रोज सकाळी मी त्याच्या आधी जाऊन गादीवर बसते."

"आणि गिऱ्हाईक? अजून विचारतात?"

"हाव, इचारतात की! आधी इचारायचे, काय झालं? आता इचारतात, काय केलं?"

"मग काय सांगता?"

"सांगते, गोंदण सरकलं होतं, जाग्यावर बसवून आणलं."

तेव्हापासून मी केसपेपरवरची जुन्या फोटोची चौकट सगळ्यात आधी भरते.