दसऱ्याला सुरू केलेला खेळ

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात आमचा ढाबा होता. बाबांनी नागपूरहून जुना व्हिडिओ गेम आणून गल्ल्याशेजारी ठेवला, तेव्हा मी दहावीत दुसऱ्यांदा नापास झाले होते आणि मोठी बहीण दसऱ्यासाठी सासरहून आली होती. कपाटाएवढी पेटी. काचेत वरून राक्षस उतरायचे, खालून आपण गोळ्या झाडायच्या. ट्रकवाले दोन मिनिटांत मरायचे. ताई मात्र मरायचीच नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती बटण असं हाणायची की अख्खी पेटी हलायची. "हा सासरा! हे सासू! हा देर!" एकेकाचा धुरळा. मी पोट धरधरून हसायचे. शेवटी सगळ्यांत मोठा राक्षस यायचा. त्याचं नाव ती घ्यायची नाही, नुसती दात आवळून हाणत राहायची. तेव्हाच एकदा तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत सांडशीचे चटके, एकाखाली एक.

"काऊन वं, हे काय?"

"गप राय. बाबाले सांगशील तर पाय!"

मी सांगितलं. पोटात ठेवणं मला जन्मात जमलं नाही. बाबा कांदे चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "नवरा-बायकोत होते थोडंफार. दसऱ्याले जावई येऊन राह्यले, त्यायच्यासंग जाईन पोरगी."

मी हातातला पेला भिंतीवर फेकला. त्याबद्दल एक मुस्काटात बसली.

दसऱ्याला बाबांनी नेहमीसारखी पूजा मांडली. खड्डे खणायची लोखंडी सब्बल, कुऱ्हाड, झारा, सुरी. यंदा गेमची पेटीही पुसून, कुंकू लावून, झेंडूची माळ घालून बंद ठेवली. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. लहानपणी मी खेळता खेळता पूजेतला विळा उचलला, तर त्यांनी मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं.

दुपारी जावई आला. हातात आपट्याचं सोनं. बाबांच्या पाया पडला, आईच्या पाया पडला, गोड गोड बोलला मेला. ताई पेटीला टेकून उभी होती.

"चाल," तो म्हणाला.

"मी नाई येत."

एवढंच बोलली. त्यानं पानं धरलेल्या हातानंच तिच्या तोंडावर हाणली. तिचं डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं, माळ तुटली. तो तिचे केस धरून ओढायला लागला. मी त्याच्या दंडाला चावले ते रक्ताची चव लागेपर्यंत सोडलं नाही. त्यानं लाथ घालून मला उडवलं.

आणि बाबांनी पूजेतली सब्बल उचलली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी पडल्या जागी ऐकला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"मरन ना तो!" आई किंचाळली.

"मरू दे हरामखोराले!"

तो बोंबलत, फरफटत रस्त्यापर्यंत गेला. कोण्या ट्रकवाल्यानं त्याला उचलून नेलं. परत कधी आला नाही.

बाबांनी सब्बल टाकली, पेटीवरची उरलेली फुलं हातानं लोटली आणि प्लग लावला.

"खेळ," ताईला म्हणाले.

तिच्या भुवईतून रक्त गळत होतं. बटणावर बोट ठरेना. राक्षस खाली खाली येत होते आणि ती नुसती हुंदके देत होती. बाबा तिच्या मागे उभे राहून, गळा फाटेस्तोवर ओरडत होते, "मार, पोरी! मार त्याले! मार!"