विझणारे पट्टे

नव्वदच्या दशकात बडोद्यात मी फळमाशीच्या गर्भावर संशोधन करत होते. विभागाला एकच एसी मिळाला, तोही माश्यांसाठी. तो माझ्या मार्गदर्शक सरांच्या केबिनमध्ये बसला. मे महिन्यात इकडे माझ्या बाटल्यांतल्या माश्या मरायच्या आणि तिकडे सर शाल पांघरून बसायचे. पणजोबा संस्थानात मोठे अधिकारी होते, हे ऐकवायला त्यांना कुणीही चालायचं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही.

माझं काम असं होतं. गर्भातली पेशींची एक ओळ शेजारच्या ओळीला निरोप पाठवते: तुझं अमुक जनुक चालू ठेव. ते जनुक चालू असेल तिथे रंग धरतो, आणि गर्भावर पट्टे दिसतात. ज्या गर्भांत हा निरोपच तयार होत नाही, त्यांतही पट्टे आधी उमटतात, पण थोड्या वेळाने विझतात. म्हणजे जनुक सुरू होतं, पण टिकतं ते शेजाऱ्याच्या सांगण्यावर.

सरांना हे मान्य नव्हतं. जनुक म्हणजे राजा, तो कुणाचं ऐकत नसतो, हा त्यांचा सिद्धांत. पुण्याहून एक प्राध्यापक बाई आमचं काम बघायला आल्या, तेव्हा सरांनी निरोप नसलेल्या गर्भांचे माझे फक्त सुरुवातीच्या वेळचे फोटो पडद्यावर लावले आणि निरोपावाचून काही अडत नाही, असं सांगून टाकलं.

गर्भ वाढल्यावर काय होतं, असं बाईंनी विचारलं. सर म्हणाले, पट्टे तसेच राहतात.

मला राहवेना. "नाही राहत," मी म्हटलं. "शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावलेली आहे. बघता?"

बाईंनी बराच वेळ बघितलं. रंग नीट लागला नसेल, मुलीचा हात अजून बसलेला नाही, असं सर मागून सांगत होते. त्याच काचपट्टीवर, त्याच रंगात, निरोप मिळणाऱ्या निरोगी भावंड-गर्भांचे पट्टे ठसठशीत होते. बाईंनी ते सरांना बघायला सांगितलं. सरांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून ते म्हणाले, "बेन, मोठ्यांना चारचौघांत असं तोंडघशी पाडत नाहीत."

मी मार्गदर्शक बदलला आणि काम पुरं केलं.

काही वर्षांनी बडोद्यातच, निजामपुऱ्यातल्या एका सभागृहात सरांचं व्याख्यान होतं: शेजाऱ्याचं ऐकणारं जनुक. हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे हात करून, ही माझी विद्यार्थिनी, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जागची हलले नाही.