मानेतला डाग आणि धाकट्याचा पाय

"धाकट्यानं लाथ घातली आन् म्हाताऱ्याचे हात गेले." तलवाड्यात माझ्या आजाराची हकीकत अशी सांगितली जाते. ती खोटी आहे. आणि ज्याच्या माथी ती मारली, त्या माझ्या धाकट्या भावाने तेव्हापासून माझ्या घरात पाऊल टाकलेले नाही.

भाऊ पायाळू आहे. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते, असे आम्ही मानतो. मेंढरांमागे चालताना माझी पावले अडखळू लागली, तेव्हा दोष कमरेचाच, असे घरच्यांनी ठरवले. मीही ठरवले, आणि त्याला पालीहून बोलावून घेतले. त्याने माझ्या उघड्या कमरेला तीनदा टाच टेकवली. त्याला लाथ म्हणत नाहीत. "दादा, लागलं तर आत्ताच सांग, मागून शिव्या देशील," असे म्हणून तो हसलाही.

महिन्याभराने मी बांधावर पडलो. बीडच्या डॉक्टरांनी मला बंडीची बटणे लावायला सांगितली. एकही लागेना. मग त्या खडखडणाऱ्या नळीत निजवून त्यांनी मानेचा एमआरआय काढला आणि पडद्यावर दाखवला. मणक्याच्या वाढलेल्या हाडाखाली मज्जारज्जू चेपला होता. चेपल्या जागी पांढरा डाग होता. पायांचे अडखळणेही तिथूनच होते. ऑपरेशनाने बिघाड थांबला, बोटे मात्र परतली नाहीत.

ती फिल्म मी थोरल्या मुलापुढे धरली. "डाग मानेत हाय. त्याचा पाय कमरेला लागलता."

"धक्का वर चढला आसंल, आबा. त्याच्या आदी तुमचे हात धडधाकट व्हते."

दुपारची एसटी फाट्यावर थांबली की मी अजून उठून बसतो. पूर्वी धाकटा त्याच गाडीने यायचा, घोंगडीवर माझ्याशेजारी बसायचा आणि माझ्या मेंढरांना नावे ठेवायचा. आता फोनवर फक्त "जेवलास का?" एवढेच विचारतो. "ये" म्हटले की फोन ठेवतो.

धडधाकट म्हणे! जे मी आजवर केवळ ताठ्यापायी लपवले, ते आता सांगून लिहवून घेतो. त्या सकाळी, पाय लावण्याआधी, माझ्या बंडीची पाचही बटणे धाकट्यानेच काढली होती. मला ती काढता येत नव्हती.