आईचा आंबाडा

आईच्या उजव्या खांद्यात कृत्रिम सांधा बसवायचा हट्ट माझा होता. संधिवाताने तिची झोप उडाली होती, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती देवाकडे बोट दाखवायची. मी बँकेत नोकरी करणारी, चार बुकं शिकलेली एकुलती एक मुलगी. शेवटी माझंच खरं केलं. पहिले तीन महिने घड्याळ समोर ठेवून तिच्याकडून व्यायामही करून घेतला. पुढे सात वर्षं बंगळूरभर जो भेटेल त्याला त्या खांद्याची कीर्ती सांगितली.

सातव्या वर्षीच्या तपासणीला आम्ही येलहंक्याहून बसने जाणार होतो. त्या सकाळीही मी तिला टोचलंच. केस मोकळे ठेवून देवापुढे जायचं नाही हा तिचा नेम. पण हल्ली न्हाणीतून निघाली की ही बाई पाठीवर टॉवेल टाकून थेट शेजारच्या अक्कांकडे. इकडे देव पारोसे, चहा गार आणि हिच्या गप्पा. आज तरी उशीर करू नकोस, म्हटलं. ती आंबाडा घालूनच परतली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. सांधा जागचा हलला नव्हता. दुखतं का, असं त्यांनी आईला कन्नडमध्ये विचारलं. ती नाही म्हणाली आणि ते खरं होतं. केस बांधता येतात का, याचं उत्तर मात्र मीच देऊन टाकलं. रोज स्वतः आंबाडा घालते, मी सांगितलं. डॉक्टर खूश झाले. दाखवा बघू, म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने आकडे काढून केस सोडले. उजवा हात कानापर्यंत आला आणि थांबला. मान वाकवून तिने पुन्हा प्रयत्न केला. डॉक्टर समजावत होते, की दुखणं जातं, पण काहींचा हात पूर्ण वर जात नाही आणि वर्षागणिक आणखी कमी जातो. मला तोंड कुठे लपवू असं झालं होतं.

बाहेरच्या बाकावर मी तिचे केस विंचरायला घेतले. मला साधी वेणीच जमली. कधीपासून, विचारलं.

"झाली तीनेक वर्षं. अक्काच घालतात रोज."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, व्यायाम स्वल्प कमी पडला तुझा."

माझ्या तोंडाशी नेमकं तेच वाक्य आलं होतं.