सुगंधाची दहाही बोटं
आचऱ्याच्या खाडीत ओहोटीला बायका तिसऱ्या काढायला उतरतात, तेव्हा डोळ्यांनी कोणी शोधत नाही. गढूळ पाण्यात दिसणार काय? पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा आणि शिंपलीची कड लागली की वाकून उचलायची. या कामात सुगंधाचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची पाटी सगळ्यांच्या आधी भरायची, आणि हे ती सगळ्यांना ऐकवायचीही.

साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या घ्यायची, आठवण झाली की! अलीकडे पाटी अर्धीच भरू लागली, तर बाईसाहेबांनी खापर खाडीवर फोडलं. शेजारणींच्या पाट्या भरलेल्या असत, पण तिकडे बघायचं कोणी? कालवांच्या धारदार कवचांवरून चालतानाही तिला काही टोचेनासं झालं होतं, आणि त्याचा उलट तोराच. "माझे पाय दगडाचे झाले," म्हणून मिरवायची.

एका संध्याकाळी सून भक्ती ओरडली, "आई, पायाक काय लागला तुमच्या? सगळ्या खळ्यात रगत!"

सुगंधाने मागे वळून पाहिलं. अंगणातून दारापर्यंत लाल ठसे उमटले होते. अंगठ्याखाली कालवाने खोल चीर दिली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"साखरेने पायांची जाणीव गेलीय," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम चिघळली तर अंगठा काढावा लागेल."

सुगंधाला आधी खाडीच आठवली. अंगठ्याशिवाय चिखलात उभं कसं राहणार? घाबरली, रडली आणि मग पेटून उठली. गोळ्या चुकवणं बंद. भेगांना बिब्बा लावायची जुनी खोडही बंद. रोज पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, टाचांना कोकमतेल लावायचं, पण बेचक्यांत थेंब नाही. जमिनीवर आरसा ठेवून तळवे न्याहाळायचे. घरातसुद्धा चपला, त्याही आधी झटकून.

"नव्या नवरीचे पण इतके लाड होणत नाय," भक्ती हसायची.

अंगठा वाचला. जखम पुरती भरली, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हा रबरी बूट चढवून सुगंधा ताठ मानेने खाडीवर आली. आता ती हातांनी शोधणार होती. बायका खो खो हसल्या. सगळ्यांत मोठ्याने आनंदीबाई. साखर तिलाही होती, पण मानायची नाही.

"बूट घालून तिसरे? पोलीस झालंस काय गो?"

"हास गो. धायच्या धाय बोटां घेवन इलंय मी," सुगंधा म्हणाली. "तुझी दाखव बघूया."

आनंदीबाईने काठावर बसून थट्टेतच पाय पुढे केला. सुगंधाने डॉक्टरीणबाईंची पाय तपासायची रीत तिच्यावर चालवली. "डोळे मिट. खंयच्या बोटाक हात लावलंय, सांग."

आनंदीबाई डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव गो, वाट कसली बघतंस?"

सुगंधाचं बोट केव्हाचं तिच्या अंगठ्यावर टेकलेलं होतं. बायकांचं हसू थांबलं.

सुगंधाने बोट काढलं नाही. "डोळे उघड," ती म्हणाली. "आणि भियां नको. माझो अंगठो वाचलो, तुझोय वाचतलो. ऊठ, चल माझ्याबरोबर दवाखान्यात."