दत्ताच्या टोळीसाठी नेमलेली कमिटी

लालबागला आमच्या चाळीत पोरांच्या टोळ्यांना आळा घालायला एक कमिटी नेमली होती. तिनं नक्की काय केलं असं कुणी विचारलं की मी गडबडते. पण चार माणसं चहाला जमली की तिचे किस्से निघतातच, आणि एक संपेपर्यंत दुसरा ओठांवर येतो. चेअरमन आबा, गिरणीकामगारांची खाणावळ चालवणाऱ्या जिजीमावशी, पोलीस चौकीचे फौजदारसाहेब, आणि कॉलेजात जाते, अक्षर बरं आहे, म्हणून चिटणीस मी. टोळीचा म्होरक्या तळमजल्यावरचा दत्ता. त्याच्या टोळीची पलीकडच्या गल्लीतल्या टोळीशी सोड्याच्या बाटल्यांनी मारामारी चालायची. दार वाजलं तरी दचकणारी मी. मला कमिटीत घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गल्लीत पोलीस दिसला की एखादी बाई थाळी वाजवायची, मग सगळी चाळ थाळ्या बडवायची आणि दिवे मालवायची. लोक बिचकू नयेत म्हणून पहिल्या मीटिंगला फौजदारसाहेब मुद्दाम साध्या कपड्यांत आले. पण पायात खात्याचे बूट! जिजीमावशींना ते जिना चढताना दिसले आणि सवयीनं त्यांचा हात थाळीकडे गेला. क्षणात चाळभर अंधार आणि ठणठणाट. मी कपाटामागे.

पोलिसांना अडवायला दत्ताची टोळी जिन्यात धावली. तिथे एक अनोळखी गृहस्थ कठडा चाचपडत उभे. पोरांनी त्यांना हाताला धरून वर आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दत्ता म्हणाला, "घाबरू नका काका. पोलीस गेले की दिवे लावतो."

त्या दिवशीच्या मीटिंगचा पहिलाच विषय दत्ता होता. साहेबांनी तो पुढच्या वेळेवर ढकलला.

*

मग दोन्ही टोळ्यांचा तह घडवायचं ठरलं. आबांच्या खोलीत सतरंजीवर पोरं समोरासमोर बसवली. कुणी तोंड उघडेना. जरा मोकळेपणा यावा म्हणून साहेबांनी स्वतःतर्फे सगळ्यांना गोटीसोडा मागवला.

बाटल्या वाटल्या गेल्या. कुणी पिईना. प्रत्येकानं बाटली मानेपाशी घट्ट धरलेली, नजर समोरच्याच्या हातावर. साहेबांना काही उमगेना. जिजीमावशी दारातून म्हणाल्या, "सायबानू, हत्यारां तर तुमीच वाटलास मां."

शेवटी त्यांनीच खाणावळीतलं मोठं पातेलं आणलं, सगळा सोडा त्यात ओतायला लावला आणि ओगराळ्यानं पेल्यांतून वाढला. बाटल्यांच्या गोट्या फटाफट आत दाबल्या जात होत्या तेवढा वेळ मी डोळे मिटून कानांवर हात ठेवले होते. उघडले तेव्हा तह झालेला होता. सोड्याला चव मात्र उरली नव्हती.

*

आबांचं मत असं की पोरांना जबाबदारी द्यावी. मैदानातल्या सभेला त्यांनी दत्ताच्या टोळीला व्हॉलंटियर केलं आणि बॅज स्वतः छातीवर लावून दिले. आबा स्वतः उशिरा पोचले. पुढे जायला निघाले तर दत्तानं दोरीपाशी अडवलं. मागे बसा म्हणाला.

आबा चिडले. हा बॅज तुला मीच दिला ना, म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय, आबा. तुम्हीच ऐकलं नाहीत तर माझं कोण ऐकणार?"

आबांनी सगळी सभा मागे फुटपाथवर बसून ऐकली. जबाबदारीचा विषय पुढे बरेच दिवस निघाला नाही.

*

आता हा शेवटचा.

आमचे फौजदारसाहेब दुसऱ्या ठाण्यावर गेले. नव्या साहेबांना कमिटी म्हणजे पोरखेळ वाटायचा. पलीकडच्या गल्लीत एका दुकानाची काच फुटली आणि त्यांनी दत्ताला मुंबईतून तडीपार करायचं मनावर घेतलं. दत्ताला नुकतंच गिरणीत काम लागलं होतं. तडीपार म्हणजे ते गेलं, आणि घरी त्याची म्हातारी एकटी. साहेबांना हवं होतं एवढंच, की चाळीतल्या कुणीतरी चौकीवर येऊन 'ह्याची भीती वाटते' असं सांगावं. नाव गुप्त राहणार होतं. त्यांनी चौकशी केली, चाळीत सगळ्यात घाबरट कोण? सगळ्यांनी एकमुखानं माझं नाव घेतलं.

मला चौकीवर बोलावणं आलं. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. दत्ता गॅलरीतून ओरडला की माझ्या हातून कप सुटतो, हे खरं. मग 'नाही वाटत' असं खोटं कसं सांगू? पण कप तर मांजर आडवं आलं तरी सुटतो! भीती वाटते म्हणजे नक्की काय वाटतं, हे कॉलेजात कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं.

"दत्ताची भीती वाटते की नाही? एका शब्दात सांगा," साहेब म्हणाले.

"वाटते." तोंडातून गेलं ते गेलंच.

साहेब खूश झाले. पेनाचं टोपण काढून लिहायला बसले. लिहिता लिहिता सहज म्हणाले, एवढ्या घाबरता, मग इथवर एकट्या कशा आलात?

"एकटी नाही आले. मला रस्त्यात भीती वाटते म्हणून आई सोबत देते कुणाची तरी."

"आज कुणाची दिलीय?"

"दत्ताची."

साहेबांनी उठून दार उघडलं. बाहेर बाकावर हवालदाराशेजारी दत्ता बसला होता, माझी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन.

"ही इथं कशाला आलीय, ठाऊक आहे तुला?"

"आहे ना. माझ्याविरुद्ध सांगायला." दत्ता उठून उभा राहिला. "जरा लवकर आटपा, साहेब. दिवेलागणीच्या आत हिला घरी पोचवली नाही, तर हिची आई मला चाळीत पाऊल टाकू देणार नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.