जोत्यावरची चूल

साहेबानं बुटाच्या टोकानं चुलीचा दगड ढकलला. तवा कलला आन् भाकर राखंत पडली.

"फोटोत चूल नको," म्हणला.

ती भाकर त्याच्यासाठीच टाकलेली. माझी बायको ठकूबाई सकाळधरनं त्याची वाट बघत व्हती. आम्ही मेंढरांमागं हिंडणारी माणसं. तळावर जो कोण यील त्याला खाऊ घातल्याबिगर लावून द्यायचं न्हाई, ही आमची रीत. रानात मेंढरं शिरली म्हणून भांडायला आलेला शेतकरी बी आमच्याकडं जेवून गेलाय. हा तर घरकुलाचा इंजिनियर, पाव्हणाच. तिनं दूध तापवलेलं, लसणाची चटणी वाटलेली.

साहेबानं नाकाला रुमाल लावला. "घोंगड्यांचा काय वास. इथं राहता तुम्ही? अहो, हे घर नाही, जोतं आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसत्या जोत्यावर कुणी राहतं का?"

ठकूनं राखंतली भाकर उचलली, फुंकली आन् पदरात घेतली. मी तोंडाचा फाटका माणूस, कुणाचं ऐकून घेत न्हाई. पर त्या दिवशी गप बसलो, कारण पुढचा हप्ता त्याच्या पेनात व्हता. ते गप बसणं आजून खातंय मला.

मग त्यानं तिच्या हातात पाटी दिली. शाळंतल्या पोरांची असती तशी. वर खडूनं तिचं नाव आन् घरकुलाचा नंबर. "छातीशी धर. वर. आणखी वर." जेलातल्या माणसाचा काढत्यात तसा फोटो काढला. साहेब क्यामेरा पिशवीत ठिवत व्हता तवा ठकू मला हळूच म्हणली, "अवं, काय लिव्हलंय ह्याच्यावर?"

"तुझं नाव."

तिनं पाटी फिरवून बघितली. "एवढुसंच?"

आमचं दूध न्हाई पिला तो.

मी दुसरीपत्तोर शिकलो. त्याच्या म्होरं मेंढरं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर माघारी शिरूर-दौंडच्या रानात. एका जागी चार दिसाच्या वर मुक्काम न्हाई. मेंढरं माझी, बिऱ्हाड तिचं. घोड्यावर बिऱ्हाड लादायचं बायांनी, उतरवायचं बायांनी. मी मेंढरं घेऊन पुढं जायाचो आन् दिस कलताना तळावर यायाचो, तर तीन दगडांवर चूल पेटलेली असायाची. ठकूची चूल जिथं पेटली ते घर. आम्हाला दुसरी खूणच म्हाईत न्हवती. दोन्ही लेकरं तशाच चुलीपाशी झाली.

रांजणगावच्या बाजूला कंपन्या आल्या. कुंपणं पडली, चराईची रानं गेली. गुडघं बी गेलं माझं. मेंढरं इकली. शेवटी घोडी इकली, तवा ठकू दोन दिस जेवली न्हाई. पोरगा कारेगावला कंपनीत लागला, एका खोलीत चौघं भाड्यानं राहत्यात. तिथं आम्ही कुठं मावायचं? पोरगी खुटबावला दिलेली, तिच्या सासरी किती दिस पडायचं? मग भीमंच्या काठच्या ह्या गावात, जिथं बापानं मला शाळंसाठी दोन वर्सं ठिवलेलं, तिथं ताडपत्री टाकून राह्यलो.

घरकुलाची योजना आली. ज्याच्या नावावर कुठंच घर न्हाई त्याला सरकार पैसं देणार, तीन हप्त्यात. पयलं घर बांधायला. ग्रामसभेत आमचं नाव पुकारलं तवा मागनं एकजण म्हणला, "धनगराला घर कशाला? छपराखाली झोप यील का त्याला?" सगळी सभा हसली. मी बी हसलो. हसलो न्हाई तर नाव कापत्यात, असं वाटलं.

घर बाईच्या नावावर करायचं, असा नियम. मला नियम पटला. आमच्यात घर बाईचंच असतंय.

पयल्या हप्त्यात जोतं झालं. गवंड्याच्या हाताखाली मी दगड दिलं, ठकूनं मुरूम चोपला. आन् मुरूम वाळायच्या आत तिनं त्यावर तीन दगड मांडलं.

मी म्हणलो, "ठके, भिंती तरी उठू दे."

"चूल पेटली की जागा आपली झाली. भिंती येत्यात मागनं."

वर बांबू रवून ताडपत्री बांधली. आमच्या जल्मात पयल्यांदा चूल अशा जागी लागली का जिथनं उचलायची न्हवती. ती रोज सारवायची. जोत्याच्या कडंला दार यील तिथनंच आत यायाची, बाकी तिन्ही बाजू उघड्या असून. मला बी वरडायची, "भिंतीतनं काय येताय? दारातनं या."

अशात तो साहेब येऊन चूल ढकलून गेला.

मग दुसऱ्या हप्त्याची वाट. दर सोमवारी तालुक्याला. कवा साहेब मीटिंगला, कवा फाइल जिल्ह्याला, कवा मार्च आला, कवा मार्च गेला. मी हापिसाच्या जिन्याखाली बसून राह्यचो. शिपाई यायचा-जायचा. "मामा, पाय घ्या आत." माघारी आलो की ठकू इचारायची, "काय म्हणलं?"

"पुढच्या सोमवारी."

एक पावसाळा तसाच गेला. दुसरा गेला. मग एका टेबलावरच्या बाईनं फाइल काढून बघितली. तिनं बिचारीनं बघितली तरी. म्हणली, "मामा, तुमचं घर पूर्ण झालंय ना?"

"न्हाई वो. जोतं हाय नुसतं."

"इथं तपासणीत लिहिलंय, लाभार्थी कुटुंब घरात राहत आहे. राहताय म्हणजे पूर्ण झालं. म्हणून पुढचे हप्ते थांबलेत."

मला खरंच काही कळंना. तोंडानं म्हणला हे घर न्हाई. कागदावर लिव्हलं घरात राहत्यात. एकाच दिवशी, एकाच माणसानं. त्यानं चूल बघितली, आन् त्याला जसं सोयीचं तसं मांडलं.

"मग आता?"

"फेरतपासणीचा अर्ज द्या. पुन्हा फोटो लागेल."

अर्ज दिला आन् घरी येऊन ठकूला सांगितलं. सांगायला नको हुतं. तिनं चुलीकडं बघितलं. मग म्हणली, "म्हंजी माझ्या चुलीनं घात केला व्हय?"

"तुझ्या चुलीनं न्हाई. त्यांच्या कागदानं."

ऐकलं न्हाई तिनं. इस्तू इझवला, तिन्ही दगड उचललं आन् जोत्याखाली बांधाला नेऊन टाकलं. चाळीस वर्सात तिला चूल मोडताना मी शेकडो येळा बघितलं. दुसरीकडं मांडायचीच म्हणून मोडायची ती. त्या दिवशी नुसती मोडली. त्याच्यानंतर बांधाला बाभळीखाली कसंतरी शिजवायची. जोत्यावर नुसतं निजायचो आम्ही.

त्या वर्सी पोषात नदीवरनं वारं सुटलं. ताडपत्री फाटलेली, तिला घोंगड्याची ठिगळं. ठकूला खोकला धरला. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, म्हणलं गरम जागंत ठिवा. पोरगा न्यायला आला, पर ती कारेगावला जाईना. "मी उठून गेले आन् फोटोवाला आला तर?" म्हणायची.

दुपारची गेली. मी पाणी तापवायला बांधाला उतरलो हुतो. चूल जोत्यावर असती तर दोन पावलं. वर येस्तोवर संपली हुती.

दहाव्याला लेक म्हणली, "आबा, आयचा फोटो कुठाय? हार कशाला घालायचा?"

एकच फोटो हाय तिचा. तो फाइलीत. मी सोमवारी जाऊन मागितला. हापिसात म्हणलं, "शासकीय कागद आहे. असा देता येत नाही." बघायला तरी द्या म्हणलं, तर फाइल साहेबाच्या कपाटात.

आता भाऊसाहेबाचं सांगतो. भाऊसाहेब म्हंजी आमचा ग्रामसेवक. गावातलं जल्म-मरण तोच लिव्हतो. माणूस वाईट न्हाई, अडल्याला चा पाजणारा. तो वैशाखात माझ्याकडं आला, जोत्यावर टेकला.

"आबा, फेरतपासणी मंजूर झालीय. पण घर काकूंच्या नावावर. त्या गेल्या असं कळवलं तर नाव रद्द होईल. वारसाचा प्रस्ताव जिल्ह्याला जाईल, परत यादीत शेवटी. तोवर तुम्ही राहता का नाही कुणास ठाऊक."

"मग?"

"मी अजून मृत्यूची नोंद घातलेली नाही." आवाज बारीक केला त्यानं. "फोटो होईपर्यंत काकूंना जिवंतच राहू द्या. तुमची लेक त्यांच्याच अंगकाठीची आहे. लुगडं नेसवा, पदर पुढं ओढा. साहेबांशी मी बोललोय. त्यांनाही ती 'घरात राहतात'ची जुनी नोंद मिटवायची आहे."

मला सांगायला लाज वाटती, पर लिव्हायलाच बसलोय तर सांगतो. मी व्हय म्हणलो. दोन म्हैन्यांवर पाऊस. हाडं दुखायची. मला छप्पर पायजे हुतं. ती गेल्यावर चार म्हैन्यात मी तिला इकायला तयार झालो.

लेक खुटबावनं आली. तिला काय सांगितलं न्हाई, एवढंच म्हणलो, आयचं लुगडं नेस. तिला कळलं. माझ्याकडं न बघता नेसली. अगदी ठकूच दिसाया लागली, उभी राह्याची ढब बी तीच.

तोच साहेब आला. त्यानं पाटी दिली. तेच नाव, तोच नंबर.

"पदर आणखी पुढं. मान खाली घाल. म्हातारी दिसायला पाहिजे ना. जरा वाक."

लेक वाकली.

"आणखी वाक. हां." क्यामेरा डोळ्याला लावून तो भाऊसाहेबाला म्हणला, "काही कळत नाही हो. ह्यांच्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात." आन् हसला. "जुना फोटो फाडून टाका तेवढा, गोंधळ नको."

पदराखाली पाणी गळत हुतं. पाटीवर पडलं, आन् ठकूच्या नावाचा खडू भिजाया लागला.

मी जोत्यावर चढलो. दारातनं न्हाई, सरळ भिंतीतनं. पाटी घेतली लेकीच्या हातातनं.

"बाय, सरळ उभी ऱ्हा."

"अहो आजोबा, काय करताय? दुसरा हप्ता..."

"तुमचा फोटो बास करा साहेब. माझी बायको मेलीया."

"आबा, शांत व्हा," भाऊसाहेब मधी आला. "हप्ता एवढ्यावर आलाय."

"तुम्ही दप्तर काढा भाऊसाहेब. मरणाची नोंद घाला. आत्ता. ह्या साहेबाच्या समोर."

साहेबानं गाडी काढली. जाताना म्हणला, "मरा मग उघड्यावर." ह्या येळंला मी ऐकून घेतलं न्हाई. "एक मेलीच हाय," म्हणलो, "तिचं काय लिव्हताय ते बघाय थांबा." थांबला न्हाई.

भाऊसाहेबानं निमूट रजिस्टर काढलं. नाव, वय, आजार. मग मरणाचं ठिकाण. तिथं त्यानं मला न इचारताच लिव्हायला घेतलं आन् तोंडानं म्हणला, "राहत्या घरी."

"कुणाच्या घरी?"

"म्हणजे? तुमच्या."

"माझं घर कुठाय? दाखवा मला."

"असंच लिहितात आबा सगळ्यांचं."

"साहेब म्हणला हे घर न्हाई, जोतं हाय. खरं बोलला. ठकूनं चूल मोडल्यापास्नं आमच्या लेखी बी ते घर न्हाई. मग ती घरात कशी मेली? जोत्यावर मेली असं लिव्हा."

"दवाखाना नाहीतर घर. तिसरं लिहिता येत नाही."

"ती तिसऱ्याच ठिकाणी मेली."

"वरनं परत येईल कागद."

"यिऊ द्या. इचारू द्या त्यांना, जोत्यावर कशी मेली म्हणून. मग सांगू."

भाऊसाहेबानं कपाळ पुसलं. पेन माझ्याकडं सरकवला. "सही करा. दाखला तरी मिळेल."

मी पेन उचलला न्हाई.

लेकीनं बांधाचं तीन दगड आणून जोत्यावर मांडाया घेतलं. मी नको म्हणलो. नीट भिंती उठस्तोवर इथं चूल पेटणार न्हाई. परत कुणी चूल बघून घर लिव्हायला नको.

साहेबानंच वर कळवलं असंल, लाभार्थी मयत, प्रस्ताव रद्द, असा कागद आलाय. पाऊस बी येऊन गेला. नोंदीतला मरणाच्या ठिकाणाचा तो खाना आजून माझ्या सहीबिगर हाय. भाऊसाहेब सोमवारी गावात येतो. मी पंचायतीच्या दारात बसतो. साहेबाची पाटी मी माघारी दिलेली न्हाई, ती मांडीवर असती. दुसरी शिकलेला माणूस, अक्षर वाकडं येतं. पर मोठं लिव्हतो, पाटीभर. ठकूबाई. जोत्यावर मेली. येणारे-जाणारे वाचत्यात. काही हसत्यात, हसू द्या. आता मी त्यांच्यात हसत न्हाई.

मला छप्पर नको असं न्हाई. पायजे. पर आधी तो खाना खरा लिव्हायचा आन् तिचा फोटो माझ्या हातात द्यायचा. फाडला असंल तर फाडला म्हणून लिव्हून द्यायचं. मग बाकीचं बोलू.

मेंढरांमागं व्हतो तवर मी एका जागी चार दिसाच्या वर बसलो न्हाई. आता बसलोय. लिव्हल्याबिगर उठायचा न्हाई.